‘काही लागलं तर सांग’

माझा भाचा इंग्लंडात लीड्सला असतो. त्याची मुलगी सहा वर्षांची असताना तिला रक्ताचा आजार निघाला. आजाराचं नाव मुद्दामच लिहीत नाही, पोरीला मोठेपणी ते कुठेतरी वाचायला मिळायला नको. सात आठवडे वॉर्डात होती, नंतरही कितीतरी महिने जा-ये चालू होती. आता शाळेत जाते, केस परत आलेत, तपासण्या तेवढ्या चालू आहेत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल.

कारण मला लिहायचंय ते तिच्या बाबाच्या मित्रांबद्दल.

पोरगी वॉर्डात असतानाच भाच्याच्या पाच मित्रांनी ठरवलं की आपण यॉर्कशायरमधले तीन डोंगर एका दिवसात चालून यायचे आणि त्यावर त्या मुलांच्या हॉस्पिटलसाठी पैसे जमवायचे. पेनिगेंट, वर्नसाइड आणि इंगलबरो हे ते तीन डोंगर. उंची ६९४, ७३६ आणि ७२३ मीटर. आपल्या कळसूबाईच्या (१६४६ मीटर) निम्म्यानेसुद्धा नाहीत, म्हणून मी भूगोलाच्या बाईंच्या तोऱ्यात हसले होते. पण गोम पुढे आहे. तिन्ही चढून-उतरून निघाल्या ठिकाणी बारा तासांच्या आत परत यायचं. अंतर जवळजवळ ३९ किलोमीटर, आणि सगळे चढ मिळून पंधराशे मीटरच्या वर. वर तिथला पाऊस, वारा आणि चिखल.

मित्र कोण, तर दोन आपले मराठी (एक कोल्हापूरचा, एक डोंबिवलीचा), एक पंजाबी, एक ऑफिसातला इंग्रज आणि एक शेजारी राहणारा पोलंडचा गृहस्थ. पाचांपैकी डोंगराची सवय एकट्या इंग्रजाला. डोंबिवलीकर तर गाडीपर्यंत चालत जातो तेवढंच.

माझा पहिला प्रश्न अगदी शाळामास्तरणीचा होता. अरे, तुमच्याकडे उपचार फुकट ना? ५ जुलै १९४८ पासून तिथे सरकारी आरोग्यसेवा आहे, दवाखान्यात कोणी बिल हातात ठेवत नाही. मग हॉस्पिटलसाठी वर्गणी कशाला?

भाचा म्हणाला, “मावशी, डॉक्टर, औषध, खाट हे सगळं करातून होतं. पण हिची आई सात आठवडे झोपते कुठे, ते विचार ना.”

हॉस्पिटलच्या जवळच एका इमारतीत आईवडिलांसाठी खोल्या होत्या. खोली, सामायिक स्वयंपाकघर, कपडे धुवायचं मशीन. हे देणगीच्या पैशातून चालतं. वॉर्डातली खेळण्यांची खोली, सुई टोचायच्या आधी मुलाशी खेळून त्याची भीती घालवणारी ताई, एखादं जास्तीचं यंत्र, थोडं संशोधन, असल्या गोष्टीही त्यातूनच. म्हणजे उपचार सरकारचे, आणि उपचारांच्या भोवतीचं बरंचसं लोकांचं.

हे मला लगेच कळलं, कारण १९९४ साली आमच्या ह्यांचं मुंबईला ऑपरेशन झालं तेव्हा मी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिले आहे. खाली अंथरूण, उशाशी पिशवी, आणि आजूबाजूला बिहार-बंगालपासून आलेली माणसं. मोठ्या हॉस्पिटलात गरीब माणसाला डॉक्टर एक वेळ मिळतो, पण रात्री पाठ टेकायची कुठे हा प्रश्न राहतोच. गाडगेबाबांना हे फार आधी कळलं होतं. जे. जे. हॉस्पिटलजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा त्यांनी उभी केली. स्वतःजवळ खराटा आणि गाडगं, आणि कीर्तनातून पैसा उभा केला तो दुसऱ्यांच्या निवाऱ्यासाठी. लीड्सची ती खोली ऐकली आणि मला पहिल्यांदा बाबाच आठवले.

असो. दुसरा प्रश्न माझा नाही, माझ्या मैत्रिणीचा. आमच्याच शाळेत गणित शिकवायची. ती म्हणाली, “पैसे द्यायचेत तर द्या ना सरळ! पाय कशाला तोडून घेता?” आणि हिशोबाने तिचं चूक नाही. जो दहा पौंड देणार तो मित्र घरी बसला तरी दहाच देऊ शकतो. (तिथे आणखी एक सोय आहे. कर भरणाऱ्याने एक पौंड दिला की सरकार त्यावर संस्थेला पंचवीस पेन्स देतं. त्यालाही कोणी डोंगर चढायची अट नाही.)

हाच प्रश्न मी भाच्याला विचारला. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मावशी, त्या दिवसांत जो तो म्हणायचा, काही लागलं तर सांग. पण सांगू काय? काहीच लागत नव्हतं गं. जेवण तिथेच मिळायचं, औषधं नर्स आणून द्यायची. रांग नाही, धावपळ नाही. ते येऊन बसायचे, गप्प बसायचे, आणि जायचे.”

मंडळी, इथे मला माझं १९९४ आठवलं. आमच्या वेळी मित्रांना कामाला तोटा नव्हता. शाळेतले सहकारी आळीपाळीने मुंबईला येत. कोणी दादरहून डबा पोचवायचं, कोणी रक्त द्यायला उभं, कोणी केसपेपर घेऊन रांगेत, कोणी रात्री कॉरिडॉरमध्ये बसून. ‘काही लागलं तर सांग’ असं म्हणायची वेळच आली नाही, सकाळपासून रात्रीपर्यंत काही ना काही लागतच होतं. ती हलाखी होती, तिचं कौतुक नको. तिथली व्यवस्था चांगली, ती तशीच असावी, आपल्याकडेही यावी. पण व्यवस्था सगळं करू लागली की मित्राच्या हाताला काम उरत नाही. मग त्याने करायचं काय? त्या पाचांनी पाय पुढे केले.

आपल्याकडे अशा वेळी कोणीतरी नवस बोलतं. पोर बरी झाली तर पायी तुळजापूरला येईन. भाच्याच्या सासूबाई बोलल्याच होत्या, आणि फेडूनही आल्या. त्याला मी नावं ठेवणार नाही. पण नवसात पोर बरी व्हावी लागते. हे पाच जण ती बरी होईल की नाही हे कोणालाच माहीत नसताना चालले, आणि त्यांच्या पैशाने जी खोली चालणार त्या खोलीत उद्या दुसऱ्याच कुणाची आई झोपणार.

कॅप्टन टॉम मूर तुम्हाला आठवत असतील. जन्म यॉर्कशायरचाच, दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशात होते. २०२० च्या एप्रिलमध्ये, शंभरावा वाढदिवस तोंडावर आलेला असताना, त्यांनी वॉकर धरून घराच्या अंगणात शंभर फेऱ्या मारायचं ठरवलं. स्वतःवर उपचार करणाऱ्या नर्सेसचे आभार म्हणून हजार पौंड जमवायचे होते. पंधरा लाखांहून जास्त लोकांनी मिळून सुमारे ३ कोटी ३० लाख पौंड दिले! त्या फेऱ्यांनी कोणाचं काही अडलं-सुटलं नव्हतं. घरात कोंडलेल्या सगळ्यांनाच काहीतरी करायचं होतं, आजोबांनी ते करून दाखवलं.

सगळेच प्रकार मला पटतात असं मात्र नाही. किलिमांजारोला जायचं आणि लोकांनी दिलेल्या पैशातूनच प्रवासाचा खर्च भागवायचा, हे मला सहल वाटते. सहल करावी, पण स्वतःच्या पैशाने. आमच्या या पाचांनी पेट्रोल आणि सँडविच आपापल्या खिशातून केलं, हे मी खोदून विचारून घेतलं आहे.

तर ते चालले. पेनिगेंट सगळ्यांनी केला. मग पावसात रिबलहेडच्या चोवीस कमानींच्या रेल्वेपुलापर्यंत आले आणि तिथे डोंबिवलीकराचा गुडघा बसला. तो पुढे जाईना. इंग्रज त्याच्याबरोबर थांबतो म्हणाला, याने त्याला हाकललं. बाकीचे चौघे अकरा तास चाळीस मिनिटांत पोचले, तेव्हा हा थर्मासमधला चहा घेऊन हजर. नंतर याने पैसे देणाऱ्यांना एकेकाला कळवलं की मी एकच डोंगर केला, तुम्ही रक्कम कमी करा. कोणीही केली नाही. एका म्हाताऱ्या शेजारणीने तर पाच पौंड वाढवले, गुडघ्यासाठी म्हणून.

यंदाच्या जूनमध्ये पुन्हा जाणार आहेत, आणि या वेळी भाचा स्वतः बरोबर आहे. वॉर्डात शेजारच्या खाटेवर जो मुलगा होता तो पुन्हा दाखल झालाय, त्याच्या बापाला सांगायला म्हणून हा गेला तेव्हा ‘काही लागलं तर सांग’ हे शब्द याच्याही तोंडातून निघाले म्हणे.

मी विचारलं, “बूट घेतलेस का रे चांगले?”

“डोंबिवलीकराचेच घेतलेत मावशी. एक नंबर मोठे आहेत, पण दोन मोजे घातले की बसतात.”