रंग उडालेल्या माशांचं देणं

मी बारावीला जीवशास्त्र शिकवतो. आनुवंशिकता आली की मेंडेलच्या वाटाण्यांआधी मी माशांवर बोलतो. ही सवय मला वसईतल्या उमराळ्याच्या एका काकांनी लावली. त्यांचं नाव इथे देत नाही. ते छापून आलेलं त्यांना खपणार नाही. "माशांचं लिही की, माझं काय लिहितोस," असंच म्हणतील.

फ्लॉवरहॉर्न माशाचं वेड आमच्याकडे आलं तेव्हा मी कॉलेजात होतो. मध्य अमेरिकेतल्या निरनिराळ्या सिक्लिड जातींचा संकर करून मलेशियात नव्वदच्या दशकात हा मासा घडवला गेला. कपाळावर मोठं टेंगूळ, अंगावर काळी नक्षी. तो घरात असला की पैसा येतो, असं दुकानदार सांगायचे. त्यांच्याकडे तरी येत होता. मीही साठवलेल्या पैशांतून कुर्ल्याच्या बाजारातून एक पिल्लू घेतलं आणि पिशवी छातीशी धरून विरार लोकलने आणलं.

काही महिन्यांनी ते पिल्लू आधी काळवंडलं, मग गळ्याखालची नक्षी विरायला लागली. काळ्या डागांच्या कडा झिजत गेल्या आणि खालून पिवळट नारिंगी रंग दिसू लागला. मला वाटलं, रोग. दुकानातून निळं औषध आणलं, मीठ टाकलं, पाणी बदललं. शेवटी कोणीतरी काकांचा पत्ता दिला.

त्यांची केळीची वाडी होती, वाडीत बावखळ, म्हणजे छोटं तळं, आणि पंपाच्या खोलीत काचेच्या टाक्यांची रांग. टाक्यांना पाणी विहिरीचं. आमच्या किनारपट्टीचं हे जड पाणी डाळ शिजायला त्रास देतं, पण या माशांना मानवतं. काकांनी माझ्या माशाचं वर्णन ऐकून घेतलं आणि दोनच प्रश्न विचारले. "खातोय ना? पर मिटून बसत नाही ना?" मग म्हणाले, "औषध बंद कर. त्याचा रंग उडतोय. उडणारच होता."

घाबरलेला किंवा घाण पाण्यातला मासाही फिका पडतो, हे त्यांनी मला टाकीसमोर उभं करून दाखवलं. जाळी आत घातली तसा एक मासा पाहता पाहता फिकटला. थोड्या वेळाने परत गडद झाला. त्या वेळी रंगपेशी जागेवरच असतात, फक्त त्यांच्यातला काळा रंग मध्याशी गोळा होतो. माझ्या माशाच्या काळ्या पेशीच मरत होत्या. तो रंग परत यायचा नव्हता. हे शास्त्र मला पुढे पुस्तकांतून कळलं, पण फरक ओळखायला शिकलो तो त्या खोलीत.

काकांकडे दुधाच्या हिशेबाची एक जुनी वही होती. प्रत्येक जोडीच्या पिल्लांचे त्यात दोन रकाने: 'उडाली' आणि 'राहिली'. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंतचं. वही चाळताना ते सहज बोलून गेले, "रंग उडालेल्याच्या पोटी नक्षीवाली निघतात. पण दोन्ही नक्षीवाले असले, तर उडणारं पिल्लू मी अजून पाहिलं नाही."

मला ते पटेना. मी अल्बिनिझमचं उदाहरण पाठ केलं होतं: रंग नसणं म्हणजे अप्रभावी गुण, आईबाप दोघांकडून आला तरच दिसतो. तसं असतं तर दोन नक्षीवाल्यांच्या पोटी कधीतरी रंग उडणारं पिल्लू निघायला हवं होतं. वही उलट सांगत होती. उडालेली मादी आणि नक्षीवाला नर यांची बरीचशी पानं मी मोजली, तर रकाने जवळजवळ निम्मे-निम्मे भरत होते. म्हणजे इथे रंग जाणं हाच प्रभावी गुण. आईबापांपैकी एकाकडून आला तरी पुरे. आधी काळा रंग तयार होतो, अंगभर पसरतो आणि मग पुसला जातो. रंग बनवताच न येणं निराळं, बनलेला रंग जाणं निराळं. परीक्षेत मला मार्क चांगले पडायचे, पण जीवशास्त्र समजलं ते त्या दुपारी.

फ्लॉवरहॉर्नच्या घडणीत निकाराग्वाच्या मायडास सिक्लिडचं रक्त आहे, आणि हा गुण बहुधा तिकडूनच आला. तिथल्या तळ्यांत हे मासे करडे-पट्टेरी जन्मतात आणि साधारण दहातला एक पुढे सोनेरी होतो. "सर, प्रभावी आहे तर सगळेच सोनेरी का नाहीत?" हा प्रश्न दरवर्षी येतो. प्रभावी म्हणजे दिसणारा, जास्त असणारा नव्हे, हे समजवायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरार पाण्याखाली गेलं, वीज गेली, हवेचे पंप बंद पडले. आम्ही आळीपाळीने मगने पाणी उंचावरून सोडत राहिलो, तरी बरेच मासे गेले. त्यानंतर काकांनी पैदास थांबवली आणि वही माझ्या हातात दिली.

२०२२ मध्ये या निकाराग्वाच्या माशांवरचा एक शोधनिबंध वाचला. एका जनुकात सुमारे ८,२०० अक्षरांचा डीएनएचा तुकडा घुसलेला, आणि तो व सोनेरी रंग जवळजवळ नेहमी बरोबर सापडतात. हा तुकडा जागा बदलणाऱ्या जनुकांच्या कुळातला; बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यात असेच तुकडे शोधले आणि १९८३ चं नोबेल मिळवलं. ज्या जनुकात हा तुकडा घुसलाय, त्याला नाव दिलंय 'गोल्डनटच'. मी धावत उमराळ्याला गेलो, कागदावर आकृती काढून काकांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे आईकडून नाहीतर बापाकडून, एकाकडून आलं तरी उडतो?"

"हो."

"ते वहीत आहे की."

ती वही आता आमच्या प्रयोगशाळेत असते. मुलांना मी पुस्तक मिटायला सांगतो आणि तिच्यातली पानं मोजायला देतो. प्रयोगशाळेच्या टाकीतलं एकही पिल्लू बावखळात सोडायचं नाही, हाही काकांचाच नियम. परदेशी संकराचा हा भांडकुदळ मासा तिथल्या माशांना जगू देणार नाही, असं ते सांगत. नको असलेली पिल्लं ते मागेल त्याला फुकट देत. आम्हीही तेच करतो.