रिपोर्ट गेल्यानंतर

रेडिऑलॉजिस्टने रिपोर्टवर सही केली की रुग्ण त्याच्या नजरेआड होतो. पुढे बायॉप्सीत काय निघाले, पोट उघडल्यावर सर्जनला काय दिसले, हे त्याला क्वचितच कळते. टाके चिघळले तर रुग्ण सर्जनकडेच परत येतो. निसटलेली गाठ मात्र वर्षभराने दुसऱ्याच सेंटरवर, दुसऱ्याच डॉक्टरच्या पडद्यावर उमटते. रेडिऑलॉजीतली गुणवत्ता-सुधारणा म्हणजे मुळात हा तुटलेला धागा जोडण्याची खटपट आहे.

चुका केवळ नवख्यांकडून होत नाहीत. 1949 साली सॅन फ्रान्सिस्कोचे लिओ हेन्री गार्लंड यांनी दाखवून दिले, की आजाराची खूण असलेल्या छातीच्या एक्स-रेंपैकी सुमारे 30 टक्के अनुभवी तज्ज्ञांच्याही नजरेतून सुटतात. कॉलरबोनमागे लपणारा फुप्फुसाचा शेंडा, हृदयामागची बाजू, पोटाच्या सीटीत सर्वांत वर दिसणारा फुप्फुसांचा तळ या फसव्या जागा प्रत्येकाला पाठ असतात. तरी एक विकृती सापडली की शोध सैलावतो आणि शेजारची दुसरी राहून जाते. नुसते ज्ञान वाढवून हे थांबत नाही.

अमेरिकेत ‘अमेरिकन बोर्ड ऑफ रेडिऑलॉजी’ 1934 साली स्थापन झाले. कित्येक दशके त्याचे प्रमाणपत्र आयुष्यभर चाले. निदानाच्या शाखेत 2002 पासून त्याला दहा वर्षांची मुदत आली आणि 2012 पासून दरवर्षीची पडताळणी. परवाना व वर्तन, चालू शिक्षण, ज्ञानाची चाचणी आणि स्वतःच्या कामातली सुधारणा, असे तिचे चार भाग. दहा वर्षांनी येणाऱ्या परीक्षेच्या जागी 2019 पासून दर आठवड्याला दोन प्रश्न संगणकावर येऊ लागले. त्यांपैकी वर्षाला 52 सोडवायचे. उत्तर चुकले तर कारण तिथल्या तिथे कळते. फी आणि वेळेवरून डॉक्टरांनी या व्यवस्थेवर टीका केली आहे आणि ती निराधार नाही. पण एकदम पाठांतर करून दिलेल्या परीक्षेपेक्षा ही चाचणी निश्चित बरी.

खरी कसोटी चौथ्या भागाची. इथे मॅमोग्राफी सर्वांच्या पुढे आहे, कारण तिला कायद्याचा आधार मिळाला. 1992 च्या अमेरिकन कायद्यानुसार मॅमोग्राम वाचणाऱ्याला 24 महिन्यांत किमान 960 तपासण्या वाचाव्या लागतात, आणि ज्या स्त्रीच्या रिपोर्टात कर्करोगाचा संशय लिहिला, तिच्या बायॉप्सीचा निकाल सेंटरने मिळवून पडताळावा लागतो. त्यामुळे डॉक्टरला स्वतःबद्दलच्या दोन गोष्टी कळतात: किती जणींना आपण उगाच पुन्हा बोलावले आणि किती जणींच्या बाबतीत संशय खरा निघाला. पहिला आकडा कमी करायला गेले तर आजार निसटण्याचा धोका वाढतो. हा तोल प्रत्येकाला स्वतःच्याच आकड्यांवरून साधावा लागतो. तो पुस्तकातून येत नाही.

इतर शाखांत सहकाऱ्यांनी एकमेकांचे रिपोर्ट तपासण्याची पद्धत रुजली. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजी’च्या 2002 मधल्या ‘रॅडपीअर’मध्ये नवी तपासणी वाचणारा जुन्या रिपोर्टला गुण देतो. गुण आले की माणूस सावध होतो: शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला वाईट गुण द्यायला हात धजत नाही आणि कागदावर सगळे उत्तम दिसते. म्हणून अनेक विभाग गुण सोडून नाव झाकलेली केस बैठकीत मांडतात आणि ती का निसटली याचाच विचार करतात. हीच पद्धत अधिक योग्य आहे. जिथे शिक्षेची भीती असते तिथे चुका पुढे येत नाहीत.

महाराष्ट्रात नोंदणीच्या नूतनीकरणासाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला पाच वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात. ते मुख्यतः परिषदा आणि व्याख्यानांतून मिळतात. स्वतःचे किती रिपोर्ट खरे ठरले, याची मोजणी त्यांत येत नाही. तालुक्याच्या गावी एकहाती सेंटर चालवणाऱ्याला ती स्वतःच करावी लागते, आणि त्यासाठी साधी वही पुरते. संशय लिहिलेल्या प्रत्येक रिपोर्टची तारीख, नोंदणी क्रमांक आणि पाठवणाऱ्या डॉक्टरचे नाव. महिन्याने एक फोन. मग पुढच्या रकान्यात पॅथॉलॉजीचा निकाल. ‘नॉर्मल’ म्हणून गेलेल्या आणि नंतर वेगळ्या निघालेल्या केसेसना स्वतंत्र पान हवे. त्यांची माहिती आपणहून चालत येत नाही, पाठवणाऱ्या डॉक्टरांकडे ती पुन्हा पुन्हा मागावी लागते.