सांगून जा

जून उजाडला की आमच्या बालवाडीच्या दाराशी जो कल्ला होतो, त्यात सगळ्यांत घाबरलेलं माणूस बहुतेक वेळा तीन फुटांहून बरंच उंच असतं. मूल भोकाड पसरून मोकळं होतं. आई मात्र कडेवरचं ओझं खाली ठेवत नाही आणि माझ्या कानाशी येऊन कुजबुजते, “ताई, तुम्ही त्याला मासे दाखवा, तेवढ्यात मी सटकते.”

याला माझी साफ ना असते. मासे बघून पोर मागे वळतं, तर आई गायब! त्याला एवढंच उमगतं, की आपली नजर हटली की माणूस जातं. दुसऱ्या दिवशी ते माशांकडे ढुंकूनही बघत नाही, आईच्या ओढणीचं टोक मुठीत धरून बसतं. घरीही आई न्हाणीघरात गेली की दार बडवतं. सांगून गेलं तर रडत नाही का? रडतंच. पण त्या रडण्याची समजूत घालता येते, कारण आई कुठे गेली हे दोघांनाही ठाऊक असतं.

कधी येणार, हा पुढचा प्रश्न. “बारा वाजता” हे उत्तर तीन वर्षांच्या मुलाच्या काही कामाचं नाही. मी सांगते, “आधी वाळू, मग खाऊ, मग गोष्ट, मग आई.” एका मुलीने हे इतकं मनावर घेतलं, की आल्या आल्या डबा उघडला, पोळीचा रोल दोन्ही गालांत कोंबला, चपला उलट्यासुलट्या घातल्या आणि दारात जाऊन उभी राहिली. “खाऊ झाला.” हिशोब चोख होता. मी तिथेच उंबऱ्यावर बसून गोष्ट सुरू केली, दुसरं करणार काय? गोष्ट मात्र लांबवत लांबवत न्यावी लागली.

रडणाऱ्या मुलाच्या हातात खेळणं दिलं तर ते भिरकावलं जातं; कणकेचा गोळा सहसा हातात राहतो. खरी नजर ठेवावी लागते ती न रडणाऱ्यांवर. पाठीवरचं दप्तर काढत नाहीत, शू लागली तरी सांगत नाहीत, आणि आम्ही “किती शहाणं बाळ” म्हणून त्यांना विसरतो. काही जण तर तिसऱ्या आठवड्यात रडायला लागतात. शाळा रोजचीच आहे, हे त्यांना तेव्हा कळलेलं असतं.

मूल सहजी शाळेत येत नाही, हे काही आजचं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आज गावोगावी दिसणाऱ्या अंगणवाडीचं मूळ तिथलं. शहरातल्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या मुलांना अंगण कुठलं? मग आम्ही घरातलं माणूसच वर्गात घेतो. पहिला आठवडा आई, आजी, आजोबा, जो कोणी येईल त्याने कोपऱ्यात बसायचं. एकच अट: पोराकडे टक लावून बघायचं नाही, आपलं काम आणायचं. एक आजी मेथीची जुडी घेऊन आल्या. थोड्या वेळाने चार पोरं त्यांच्याभोवती पानं खुडत बसली, आणि त्यांचा नातू वाळूत होता. हळूहळू आजी व्हरांड्यात सरकतात, मग “मी येते रे” म्हणून घरी जातात. एवढ्याला आठवडा पुरतो असं नाही, काहींना महिना लागतो.

शाळा निवडताना फी विचारता, बस विचारता, इंग्रजी कधीपासून शिकवणार तेही विचारता. यंदा आणखी एक विचारा: “पहिले काही दिवस आम्हाला आत बसू द्याल का?” नाही म्हणाले, तर सरळ दुसरी शाळा बघा.