चकतीवरील ढालो

सीडीवर गाणी उतरविण्याची विद्या आमच्या विद्यार्थ्यांस आता जुनाट वाटेल, हे आम्ही जाणतो. या क्रियेस 'बर्न करणे', म्हणजे जाळणे, असे म्हणतात आणि ते नाव अगदीच निरर्थक नाही. कोऱ्या सीडीत सेंद्रिय रंगाचा एक पातळ थर असतो. लेसरच्या उष्णतेने त्यावर सूक्ष्म डाग उमटतात आणि त्यांची ओळ आतून बाहेर चक्राकार वाढत जाते. साध्या सीडीवर एकदा उमटलेला डाग पुसता येत नाही. पाटीचा न्याय तिला लागू नाही.

आमची आजी पौषात मांडावर ढालो गात असे. तिची गाणी आम्ही मोबाइलवर मुद्रित करून ठेवली होती. ती गेल्यावर तिच्या धाकट्या बहिणीस ती ऐकावीशी वाटली. या धाकट्या आजीची दृष्टी मंदावलेली, मोबाइल तिला हाताळता येत नाही. परंतु सीडी वाजविणाऱ्या तिच्या जुन्या यंत्राची कळ तिला चाचपून सापडते.

शाळेतील जुन्या संगणकावर हे काम झाले. विंडोजमधील जुन्या मीडिया प्लेअरमध्ये 'बर्न' हा विभाग असतोच. निराळे काही विकत आणावे लागत नाही. तेथे 'ऑडिओ सीडी' हा पर्याय निवडावा. 'डेटा सीडी'वर 700 मेगाबाइटपर्यंत फायली मावतात खऱ्या, पण जुने यंत्र त्या वाचीलच असे नाही. ऑडिओ सीडीवर मात्र 80 मिनिटांचीच जागा असते. आमची गाणी भरली 93 मिनिटे!

एका सहकाऱ्यांनी सुचविले, की ओळींमधील मोकळ्या जागा कापून टाकाव्यात. सल्ला व्यवहारी होता. परंतु ढालोत स्त्रियांच्या दोन रांगा समोरासमोर असतात. एक रांग गाते, दुसरी तिला साथ देते. आजी एकटीच गात होती, तरी प्रत्येक ओळीनंतर समोरच्या रांगेपुरती थांबत होती. ती जागा कापण्यास आमचे मन धजेना. यादी लांबली, तर उरलेली गाणी प्लेअर पुढच्या चकतीच्या वाट्यास लावतो. आम्ही दोन चकत्या केल्या.

पहिली चकती लावली, तेव्हा धाकटी आजी मान खाली घालून ऐकत होती. तिसऱ्या ओळीनंतर आजी थांबली आणि धाकट्या आजीने, मान वर न करताच, पुढची ओळ उचलली.