सगळं ठाऊक नसण्याची सोय

गोष्ट सांगणाऱ्याला शेवट आधीच ठाऊक असतो. कीर्तनकाराला असतो, रहस्यकथा लिहिणाऱ्याला असतो, झोपताना नातवाला राक्षसाची गोष्ट सांगणाऱ्या आजोबांनाही असतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारखा खेळ चालवायला बसणारा माणूस मात्र या सुखाला मुकतो. त्याला डंजन मास्टर म्हणतात, थोडक्यात डीएम. जग त्याचं, राक्षस त्याचे, ऊनपाऊस त्याच्या हातात. पण टेबलाभोवती बसलेली चार माणसं आपापलं पात्र घेऊन त्या जगात शिरतात आणि त्याने छानसा पूल बांधून ठेवला असला की नेमकी नदीत उडी घेतात.

हा खेळ 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहान गावातून पहिल्या हजार पेट्या निघाल्या. आत तीन बारक्या पुस्तिका. पहिल्या पुस्तिकेत लागणाऱ्या सामानाची यादी होती: तऱ्हेतऱ्हेचे फासे, तीन कड्यांची वही, आलेखाचा कागद, रंगीत पेन्सिली, शिवाय दुसऱ्याच एका कंपनीचा, रानात तग धरून राहण्याचा बोर्डगेम, कारण त्याचा षटकोनी घरांचा नकाशा भटकंतीला बरा पडतो. आणि त्याच यादीत, त्याच ओळीने, कल्पनाशक्ती व एक सोशीक पंच. वाण्याच्या यादीत तूरडाळ, गूळ, साबण यांच्याखाली ‘समाधान’ लिहावं, तसं. मला ही यादी फार प्रामाणिक वाटते. खेळ चालवायला लागणारी साधनं त्या पंचाचं बळ वाढवायला आहेत, असा आपला समज असतो. माझं मत उलट आहे. चांगलं साधन डीएमच्या हातातली थोडी सत्ता काढून घेतं.

फासेच बघा. चार, सहा, आठ, बारा आणि वीस पृष्ठांचे. भूमितीत सम घनाकृती पाचच, आणि पाचही इथे हजर. सुरुवातीचे फासे आले ते शाळांना शैक्षणिक साहित्य पुरवणाऱ्या एका कंपनीच्या कॅटलॉगमधून. पोरांना घनाकृती शिकवायला केलेली वस्तू ड्रॅगन मारायच्या कामी आली. पुढे खेळाच्या पेटीतच फासे मिळू लागले, तेव्हा 1980च्या दशकाच्या आरंभी त्यांच्यावरचे आकडे नुसते कोरलेले असत, रंगवलेले नसत. सोबत एक मेणाचा खडू यायचा. खडू आकड्यावर दाबून घासायचा, खोबणीत मेण भरलं की वरचं कापडाने पुसून काढायचं. मग गुळगुळीत निळ्या अंगावर पांढरा 17 उमटायचा. नशिबाचे आकडे स्वतःच्या हाताने भरायचे, आणि तरीही ते आपलं ऐकणार नाहीत ही खात्री ठेवायची.

वीस पृष्ठांचा फासा टेबलावर गडगडत असतो तेव्हा डीएमही इतरांसारखाच मान पुढे काढून बघत असतो. तेवढ्या क्षणापुरता तोही श्रोता असतो.

कोष्टकांचं काम हेच, पण जरा खोलवर. 1979च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये पानंच्या पानं कोष्टकं आहेत. फासे टाकत गेलं तर अख्खं भुयार, त्याची वळणं, दारं, जिने आपोआप तयार व्हावेत अशीही सोय आहे. एकट्याने बसून वाचलं तर ते हिशेबाच्या वहीसारखं रुक्ष वाटेल. गंमत दोन निकाल शेजारी आले की सुरू होते. वाटेत कोण भेटतं? फासा म्हणतो, मिठाचा व्यापारी. त्याला काय हवंय? दुसरा फासा म्हणतो, लपायला जागा. आता मीठवाला कुणापासून लपतोय, हे मलाही माहीत नसतं. ते शोधायला मी खेळाडूंच्या बरोबरीने निघतो. माझ्या डोक्यातून आला असता तर तो व्यापारी नक्की सोन्याचा असता.

खुद्द गायगॅक्सनेही बाहेरून आलेल्या वस्तूंना असंच ऐकून घेतलं. हाँगकाँगची बनावट असलेली स्वस्त प्लास्टिकची जनावरं तेव्हा पिशवीत भरून मिळत. कुठल्याच प्राण्याशी धड न जुळणारी. तीच टेबलावर सैन्य म्हणून उभी राहिली आणि त्यांच्या आकाराला साजेसे स्वभाव शोधले गेले. घुबडाचं तोंड आणि अस्वलाचं धूड असलेला आउलबेअर तिथला. लोखंडाचा गंज करून खाणारा रस्ट मॉन्स्टरही तिथलाच. हा दुसरा प्राणी जिवावर उठत नाही, पण पोलादी चिलखतातला शूरवीर त्याला पाहून जितका घाबरतो तितका ड्रॅगनलाही घाबरत नाही.

डीएम स्वतःसमोर उभा करतो तो पडदा मात्र वेगळ्या जातीचा. इलिनॉयमधल्या जजेस गिल्ड या कंपनीने 1977 साली तो बाजारात आणला. पुठ्ठ्याच्या जोडलेल्या घड्या, डीएमकडच्या बाजूला सतत लागणारी कोष्टकं. पान उलटत बसायला नको, नकाशाही झाकला जातो. सोयीत खोट काढायला जागा नाही. पण त्याच्या आड टाकलेला फासा फक्त एकालाच दिसतो. लाडकं पात्र मरायला टेकलं की 20 चा 12 करून सांगायचा मोह तिथे होतो. काहींच्या मते त्यात वावगं काही नाही, खेळ रंगल्याशी कारण. मला ते पटत नाही. मरण खरं असल्याशिवाय वाचण्याला किंमत येत नाही.

आता स्क्रीनवरची टेबलं आली. रोल20 हे संकेतस्थळ 2012 पासून आहे; पुण्यातला एक, न्यू जर्सीतला एक, बंगळुरूतली दोघं अशी मैफल त्यावर जमते. न पाहिलेला भाग धुक्याने झाकलेला, मेणबत्तीचा उजेड पडेल तेवढंच दिसणार. सुंदर आहे, पण नकाशा इतका रेखीव झाला की खेळाडू त्यावर नसलेलं दार विचारायचं विसरतात. चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने काढलेल्या खोलीला दार केव्हाही फुटू शकतं.

मोठ्या वस्तूंपेक्षा अडतं ते बारीकसारीक गोष्टींवर. सगळ्यात आधी नावांवर. एल्फांच्या हजार वर्षं जुन्या नगरीतल्या खानावळवाल्याला कुणीतरी हटकून विचारतं, “तुमचं नाव काय हो?” आणि डोक्यात येतं ते बंडोपंत. यासाठी वीस नावं आधी लिहून ठेवावीत आणि वापरलेल्यावर काट मारावी, म्हणजे पुढच्या खेपेला तोच माणूस त्याच नावाने भेटतो. लढाईत कोणाची पाळी कधी हे आठवायला प्रत्येकाच्या नावाचं एकेक कार्ड. पाळी झाली की ते गठ्ठ्याच्या तळाशी. लक्षात ठेवायचं ओझं कागदावर उतरलं की समोरचा माणूस काय म्हणतोय ते ऐकू येतं.

नव्याने डीएम होणाऱ्याला मी एवढंच घ्यायला सांगेन: सात फाशांचा एक संच, चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर आणि ती वीस नावं. पडदा सावकाश घ्या. फासा उघड्यावर टाका. महिनाभर खपून रचलेला खलनायक दुसऱ्याच फेरीत मेला, तर खुशाल मरू द्या. त्याला एखादा भाऊ असेलच, आणि त्याचं नाव यादीत आहे.