घेवडा, एस.टी. आणि अकरावी

कॉलेजं जूनमध्ये सुरू करायची असं ज्याने कुणी ठरवलं, त्याच्या घरी शेती नसणार. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्यासारख्या घरात जूनइतका कडकीचा महिना दुसरा नाही. मृग लागायचा, बियाणं आणायचं, खताची पोती आणायची, बाया लावायच्या. विकास सोसायटीचं पीककर्ज हातात यायच्या आधीच त्याला दहा वाटा फुटलेल्या असायच्या. नेमकं त्याच आठवड्यात घरातलं एखादं पोर दहावीची गुणपत्रिका घेऊन दारात उभं राहायचं. आता याला कॉलेजला घालायचं, म्हणजे आधी घेवडा पेरायचा की आधी फी भरायची?

आमच्या तालुक्याचा वाघ्या घेवडा नावाजलेला. दाण्यावर तांबडे पट्टे असतात म्हणून वाघ्या. अडीच महिन्यांत निघतो, आणि हे त्याचं मोठेपण आम्हाला कॉलेजच्या फीमुळेच कळलं. फीचा पहिला हप्ता इकडून तिकडून उभा करायचा आणि दुसरा घेवड्यावर सोडायचा, अशी घरची रीत पडून गेली. आमच्या घरातल्या एका अख्ख्या पिढीची अकरावी या पिकावर झाली.

घर तीन भावांचं. थोरले काका शेती बघायचे. माझे वडील, ज्यांना सगळी पोरं दादा म्हणायची, प्राथमिक शाळेत मास्तर. धाकटे तात्या मुंबईला गिरणीत. तिघांची मिळून आम्ही सात भावंडं, आणि कोण कुणाचा हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. सर्वांत थोरला आण्णा. तो 1977 साली दहावी झाला.

काकांना हे दहावीनंतरचं कॉलेज पटलेलं नव्हतं. ते जुन्या अकरावीवाले, म्हणजे खरे मॅट्रिक. 1975 साली नव्या दहावीची पहिली तुकडी बाहेर पडली आणि ‘कॉलेज’ एकदम खाली उतरून पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांपर्यंत आलं. "मिसरूड फुटलं न्हाई आन् कॉलेजात?" हे काकांचं वाक्य आण्णाने ऐकलं, नंतर आम्ही सगळ्यांनी ऐकलं. कागदावर ते कनिष्ठ महाविद्यालय होतं, पण घरात आणि गावात कुणी ‘कनिष्ठ’ म्हणालेलं आठवत नाही.

तयारीची सुरुवात कागदांपासून. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, चारित्र्याचा दाखला, आणि या प्रत्येकाच्या ट्रू कॉप्या. आण्णाच्या वेळी गावाजवळ झेरॉक्स नव्हतं. कोरेगावात टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन गुणपत्रिका कार्बन घालून टाइप करून घ्यायची. तिसऱ्या-चौथ्या प्रतीवर आकडे पुसट यायचे. आण्णाचे बीजगणिताचे गुण एका प्रतीवर वाचताच येत नव्हते आणि त्याचं त्याला फारसं दुःखही नव्हतं. मग राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणि गोल शिक्का. आम्हाला हाताशी असलेले राजपत्रित अधिकारी म्हणजे गुरांचे डॉक्टर. त्यामुळे आमच्या घरातल्या बहुतेकांचे गुण खरे असल्याचं प्रमाणपत्र म्हशीला इंजेक्शन देणाऱ्या हातांनी दिलं आहे. डॉक्टर सही करता करता "म्हस कशी हाय?" एवढंच विचारायचे. गुण कधी बघितले नाहीत.

फोटोचा वेगळा सोहळा. स्टुडिओत एक आरसा, एक कंगवा आणि पावडरचा डबा टांगलेला असायचा, आणि पावडर लावली नाही तर फोटोवाला स्वतः लावायचा. आमचे ते काळे-पांढरे फोटो शेजारी ठेवले तर सगळे एकाच आजारातून उठल्यासारखे दिसतात.

कपड्यांबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण घरात खरी चर्चा त्यावरच झाली. दहावीपर्यंत शाळेची खाकी हाफपँट. कॉलेज म्हणजे आयुष्यातली पहिली फुलपँट. पायजमा होता, पण तो घालून कॉलेजला जाणारा शेवटचा माणूस आमच्या आधीच्या पिढीत होऊन गेला होता. आण्णाला बेलबॉटम हवी होती. आजीचं म्हणणं असं की तेवढ्या कापडात एका पोराची चड्डी निघते, मग ते जमिनीवर लोळवायचं कशाला. कापड तात्यांनी मुंबईहून आणलेलं, गिरणीच्या दुकानातलं. शिंप्याने दोघांचं ऐकून मधला मार्ग काढला आणि झाली ती पँट धड बेलबॉटम नव्हती, धड साधी नव्हती. खाली चार बोटं दुमड आत ठेवलेली, पुढच्या वर्षी उसवून लांब करायला. ती पँट आण्णानंतर बाळूदादाकडे गेली, तिथून उसवून, उलटी करून माझ्याकडे. माझ्यापर्यंत येताना फॅशन बदलली होती, त्यामुळे आजीचं म्हणणं आपोआप खरं झालं.

दप्तर न्यायचं नाही, ही बातमी आण्णाने पहिल्या आठवड्यातच घरी आणली. कॉलेजात एक वही न्यायची, तीही गुंडाळी करून हातात. दादांना हे पसंत पडलं नाही. ते उन्हाळ्यात जुन्या वह्यांची कोरी पानं फाडून, दाभणाने शिवून, वरून खाकी पुठ्ठा घालून नव्या वह्या करायचे आणि त्या वह्या गुंडाळल्या जात नसत. युवकभारतीची पुस्तकं आण्णाने नवी घेतली. ती पुढे ताईकडे, तिच्याकडून खाली. अभ्यासक्रम बदलला की घरात सुतक आल्यासारखं व्हायचं. विज्ञानाच्या पोराला क्लार्कचं लॉग टेबल लागायचं. ते एकच होतं आणि त्यावर तिघांची नावं आहेत, आधीचं खोडून पुढचं लिहिलेलं.

पहिल्या दिवसाची म्हणून एक तालीमही व्हायची. हजेरीला ‘हजर’ म्हणायचं नाही, ‘येस सर’ म्हणायचं. आदल्या रात्री सोप्यात आण्णा प्राध्यापक व्हायचा आणि नंबर पुकारायचा. तो सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणायचा. कॉलेजात सर पोरांना अहो-जाहो करतात, हे त्याने पैजेवर सांगितलं होतं. आमचा विश्वास बसला नव्हता. शाळेत आम्हाला आडनावाशिवाय आणि छडीशिवाय कुणी काही म्हटलेलं नव्हतं. पण खरंच होतं ते. पन्नाशीच्या माणसाने ‘बसा’ म्हटलं तेव्हा मी मागे वळून बघितलं, दुसरं कोणी उभं आहे का म्हणून.

साताऱ्याला जायचं ते मुक्कामाच्या गाडीने. रात्री गावात येणारी एस.टी. चावडीपुढे उभी राहायची, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात झोपायचे आणि पहाटे साडेसहाला गाडी सुटायची. पास पहिल्या दिवशी नसायचा, कारण सवलतीच्या पासाच्या फॉर्मवर कॉलेजचा शिक्का लागतो आणि कॉलेज तर अजून बघायचं असतं. म्हणून पहिल्या दिवसाचं पूर्ण तिकीट. ते पैसे आजी कमरेच्या पिशवीतून काढून द्यायची. डब्यात त्या दिवशी चपाती. घरात सगळे ज्वारीची भाकरी खायचे, पण कॉलेजात भाकरी काढली तर पोराला खाली बघावं लागेल असं काकूला वाटायचं. कोणी तसं सांगितलेलं नव्हतं. तिचं तिनेच ठरवलं. पोवई नाक्यावर उतरलं की पावसात चालत निघायचं, पँट गुडघ्यापर्यंत वर दुमडून, आणि कॉलेजच्या फाटकापाशी ती खाली सोडायची. साताऱ्यातला जूनचा पाऊस ज्यांनी बघितला आहे त्यांना त्या नव्या पँटचं काय होत असेल हे सांगायला नको.

1982 चा जून वेगळा गेला. त्या वर्षी 18 जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांत आमचे तात्या. तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतली पोरं मनीऑर्डरवर शिकत होती. होळीला तात्या गावी आले आणि परत जायचं नाव निघेना. संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत करतील काहीतरी, असं सगळेच म्हणत होते. तात्यांचा मोठा मुलगा त्याच वर्षी दहावी झाला आणि विज्ञानाला जायचं म्हणाला.

यशवंतराव चव्हाणांच्या काळापासून चालत आलेली ई.बी.सी.ची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना फीमाफीची, सवलत तोवर आमच्या घराने घेतली नव्हती. काका म्हणायचे, फुकटचं नको, ज्याला गरज आहे त्याला मिळू दे. त्या जूनमध्ये ते स्वतः तलाठ्याकडे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गेले. घरी आल्यावर कुणाशी बोलले नाहीत. पँटीला कापड आलं नव्हतं, म्हणून दादांची एक पँट कापून तात्यांच्या मुलाच्या मापाची केली. पहिल्या दिवशी तात्या त्याच्याबरोबर साताऱ्याला गेले. आमच्यापैकी कुणाबरोबर कोणी गेलं नव्हतं, तशी पद्धतच नव्हती. तात्या तास सुटेपर्यंत कॉलेजबाहेर चहाच्या गाड्यापाशी बसून राहिले. घरी म्हणाले, "मला तरी दुसरं काय काम हाय?" तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. तात्या पुन्हा गिरणीत गेले नाहीत. पुढच्या खरिपापासून बाळूदादाबरोबर घेवड्याला वाफसा बघत उभे राहायला लागले.

बाळूदादाचं नाव मघाशी पँटीत येऊन गेलं. ती पँट त्याने कॉलेजला घातली नाही. तो दहावीला इंग्रजीत गेला, ऑक्टोबरला परत बसला, परत गेला. मग म्हणाला, पुरे. त्यानंतर आमच्या फीचा दुसरा हप्ता ज्या घेवड्यातून निघायचा तो पेरायचा, भांगलायचा, झोडायचा आणि कोरेगावच्या बाजारात घालायचा तोच. फी किती, कधी भरायची, हे त्याला आमच्यापेक्षा नीट पाठ असायचं.

एवढ्या तयारीत एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. विज्ञानाला गेलेल्या तिघांना पहिल्या तासाला कळलं की इथे सगळं इंग्रजीत आहे. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेलं भौतिक आणि रसायन ओळखू येईना. रात्री वीरकरांचा शब्दकोश मध्ये ठेवून आम्ही धड्याची पानं लावायचो. तात्यांचा मुलगा दिवाळीपर्यंत ‘येस सर’ सोडून वर्गात दुसरं काही बोलला नव्हता. बरं, दादा मास्तर. त्यांना हे माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही. पण दाखले, शिक्के, पँट, पास यांत घर असं गुंतलं होतं की वर्गात काय होणार याची चौकशी करायला कोणी उरलं नाही.

आता काळ पालटला. मुंबईत 2009 पासून अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले आणि 2025 पासून सगळ्या राज्याचे. आण्णाच्या नातीने यंदा मोबाइलवर फॉर्म भरला, दहापर्यंत कॉलेजं पसंतीने देता येतात. गुरांच्या डॉक्टरकडे कुणाला जावं लागलं नाही. ती फॉर्म भरत असताना शेजारी ताई बसली होती, आणि ‘विज्ञान’ वर बोट ठेवायला तिनेच सांगितलं.

ताईचं सांगायचं राहिलं. ती 1979 ला दहावी झाली. गणितात आणि विज्ञानात तिचे गुण आण्णापेक्षा पुष्कळ जास्त होते, तसे पुढेही घरात कुणाला पडले नाहीत. तिला विज्ञानाला जायचं होतं. विज्ञानाची प्रॅक्टिकलं दुपारी असायची आणि पाचला सुटायची. गावाकडे येणारी दिवसाची गाडी त्याआधीच निघून जायची. नंतर थेट रात्रीची मुक्कामाची. आण्णाला त्या गाडीने यायला कुणाची हरकत नव्हती. ताईच्या वेळी काका, दादा आणि आजी सोप्यात बसले, एस.टी.च्या वेळा बोटांवर मोजल्या आणि कला शाखा ठरली, कारण कलेचे तास दुपारी बाराला सुटायचे. तिच्यासाठी दोन पाचवारी साड्या आल्या. पहिल्या दिवसाच्या आधी ती आठवडाभर परड्यात साडी नेसून पळायचा सराव करत होती, गाडी धरायची म्हणून. धाकटीच्या वेळेपर्यंत पंजाबी ड्रेस आला, तेही भांडूनच.

ताई बी.ए. झाली, लग्न झालं, संसार नीट केला. तिच्या मुलांचं आणि आमच्याही मुलांचं गणित तिनेच घेतलं. ती तक्रार करत नाही. विचारलं तर एस.टी.लाच नावं ठेवते. एस.टी.चा दोष नव्हता. तिला विज्ञानाला घालायला हवं होतं आणि ते जमण्यासारखंही होतं. आमची सख्खी मावशी तेव्हा साताऱ्यातच, सदर बझारला राहत होती. ताईला ठेवून घेशील का, असं तिला घरातल्या कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.