बायपास : शब्द एक, अर्थ अनेक

'बाय' म्हणजे बाजूने आणि 'पास' म्हणजे जाणे. पुण्यात कात्रज-देहूरोडचा 'तो' बायपास म्हणजे रस्ता. ऑफिसात 'मला बायपास केलं' म्हणजे डावललं. आणि 'बाबांची बायपास झाली' म्हटलं की 'ती' बायपास म्हणजे हृदयाचं ऑपरेशन, असं सगळेच धरून चालतात.

मी मात्र लगेच विचारतो, "कशाची बायपास?" कारण उत्तरावर पुढचे उपचार ठरतात.

हृदयाच्या बायपासमध्ये पायातली शीर किंवा छातीतली रक्तवाहिनी वापरून अडथळ्याच्या पुढे रक्त पोहोचवतात. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड येथे डॉ. रेने फावालोरो यांनी पायातली शीर वापरून हे ऑपरेशन रुजवलं. पायाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या तर पायाचीही बायपास करतात. वजन कमी करण्यासाठी जठराची बायपास होते. तिथे रक्ताची नव्हे, अन्नाची वाट बदलते. अशा पेशंटला बी-१२, लोह, कॅल्शियम कायम घ्यावं लागतं आणि काही वेदनाशामक गोळ्यांनी अल्सरचा धोका वाढतो. ऑपरेशन थिएटरमध्ये 'पेशंट बायपासवर आहे' याचा अर्थ आणखी वेगळा : हृदय आणि फुप्फुसांचं काम तेवढा वेळ मशीन करतंय.

काहीजण अँजिओप्लास्टीलाही बायपासच म्हणतात. तिथे नवी वाट काढत नाहीत, जुनीच वाट फुग्याने रुंद करून बहुतेक वेळा आत स्टेंट बसवतात. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मनाने बंद केल्या, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन हार्ट अटॅक येऊ शकतो. म्हणून हा फरक महत्त्वाचा.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. "बायपास झाली, आता गोळ्या कशाला?" गावाबाहेरून रस्ता काढला म्हणून गावातला खड्डा बुजत नाही. जुना अडथळा तिथेच असतो आणि ज्या कारणांनी तो झाला, ती कारणं नव्या वाहिनीलाही सोडत नाहीत. तंबाखू, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल यांना बायपास नाही.

तेव्हा ऑपरेशनचं पूर्ण नाव, तारीख आणि चालू गोळ्या एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा. डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये असू द्या. घाईच्या वेळी नुसत्या 'बायपास' या शब्दावर डॉक्टरांना अंदाज बांधायला लावू नका.